दारातली गुलछडी : दीडशे कंदांचा हिशोब

(प्रभागसंघाच्या मार्च महिन्याच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी परसातल्या फुलांविषयी जे सांगितलं, त्याचा हा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



गेल्या दोन-तीन महिन्यांत गटाच्या बैठकीला गेले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, परसात मेथी, पालक, वांगी तर लावलीत. आता जरा फुलं लावली तर चार पैसे सुटतील का?" आणि फुलं म्हटलं की पहिलं नाव गुलछडीचं. कोणी निशिगंध म्हणतं, कोणी रजनीगंधा, फूल एकच. म्हणून आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना शेवटच्या एसटीला पळायचंय त्यांचं काम होईल. गुलछडी जरूर लावा. पण कर्ज काढून लावू नका, आणि भाजीचा वाफा मोडून लावू नका. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढा एकच वाफा करा आणि दीडशे कंद लावा. पहिल्या वर्षी पैसा थोडाच मिळेल. खरी कमाई जमिनीखाली वाढत असते, ती मोडून खाऊ नका. आता हे असं का, ते सांगते.

मी शेतीची पदवी घेतलेली नाही, समाजकार्य शिकलेली आहे. मातीतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी सांगतेय ते कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणात ऐकलेलं आणि आपल्याच प्रभागात गुलछडी करणाऱ्या ताईंच्या वाफ्यात बसून समजून घेतलेलं आहे. कुठे तुमचा अनुभव वेगळा असेल तर मध्येच थांबवा.

जागा आणि जात

गुलछडी मूळची मेक्सिको देशातली. आपल्याकडे येऊन इतकी रुळली की देवाच्या हारात तिच्याशिवाय चालत नाही. तिला ऊन पाहिजे. दिवसातून निदान सहा तास तरी ऊन पडतं अशी जागा बघा. आंब्याखाली, भिंतीच्या सावलीत लावली तर पात वाढेल, गवतासारखी हिरवीगार दिसेल, पण दांडा येणार नाही. मग आपण म्हणतो कंदच फसवा निघाला. कंदाची काही चूक नसते.

दुसरं, पाणी साचता कामा नये. मोरीचं पाणी जिथे मुरतं, तिथे केळ, अळू लावा, गुलछडी नको. तिचा कंद कुजतो. काळी चिकट माती असेल तर वाफा गादीसारखा वीतभर उंच करा.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. जिथे मागच्या हंगामात वांगी, टोमॅटो किंवा भेंडी होती आणि उपटताना मुळांना गाठी दिसल्या, त्या जागी गुलछडी लावू नका. त्या गाठी सूत्रकृमीच्या. डोळ्यांना न दिसणारा तो किडा गुलछडीच्या मुळांतही शिरतो. पानं पिवळी पडतात, झाड खुजं राहतं. अशा जागी आधी एक हंगाम झेंडू घ्या. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात, आणि दसऱ्याला झेंडूचे पैसे होतात ते वेगळेच.

जातींचं म्हणाल तर मोठे दोन प्रकार. एकेरी आणि दुहेरी. एकेरीच्या फुलाला पाकळ्यांची एकच ओळ, वास भरपूर, हाराला आणि वेणीला हीच चालते. दुहेरीला पाकळ्यांच्या ओळीवर ओळी, ती दांड्यासकट फुलदाणीत आणि गुच्छात जाते. आपल्या गावात हार खपतो, गुच्छ क्वचित. म्हणून सुरुवात एकेरीपासून करा. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल या एकेरी जाती आहेत. प्रज्वलची कळी थोडी गुलाबी छटेची आणि फूल वजनदार असतं. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी हीसुद्धा एकेरीच. यातली जी जवळपास कोणाकडे असेल ती घ्या. जातीच्या नावासाठी लांबून कंद मागवत बसू नका.

कंद आणि लावण

लावणीचा काळ एप्रिल-मे. म्हणजे आत्तापासून तयारी पाहिजे. ज्यांचा वाफा तीन वर्षांचा झालाय, त्या याच दिवसांत कंद काढतात. त्यांच्याकडून घेतलेला कंद सगळ्यात चांगला, कारण त्याचं झाड आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं.

कंद कसा निवडायचा? आकाराने भोवऱ्यासारखा, घट्ट, मधोमध दोन ते तीन सेंटिमीटर जाड. साधारण मोठ्या सुपारीएवढा. दाबला तर मऊ लागतो तो बाजूला टाका. बारीक कंद पहिल्या वर्षी फूल देत नाहीत, नुसती पात देतात. ते फेकू नका, कडेला वेगळ्या ओळीत लावा, पुढच्या वर्षी मोठे होतील. आणि जमिनीतून काढल्या काढल्या कंद लावायचा नाही. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी एका थरात पसरून महिनाभर विश्रांती द्यायची. मधूनमधून हलवायचे. ढीग केला की खालचे कुजलेच म्हणून समजा.

वाफा खोल खणून उन्हात आठ-दहा दिवस तापू द्या. मग त्यात चांगलं कुजलेलं शेणखत चार-पाच घमेली आणि जमलं तर दोन किलो निंबोळी पेंड मिसळा. ताजं शेण घालू नका, हुमणी आणि बुरशी दोन्ही त्यातून येतात. कृषी सखीकडे ट्रायकोडर्मा असेल तर ते शेणखतात मिसळून घ्या, मूळकुजीला आळा बसतो.

आता मोजमाप. दोन ओळींत एक फूट, ओळीतल्या दोन कंदांत आठ इंच, म्हणजे एक वीत. दहा फुटांत दहा ओळी, एका ओळीत पंधरा कंद. झाले दीडशे. कंदाचं टोक वर ठेवून दोन इंच खोल लावा आणि लगेच पाणी द्या. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत नुसता ओलावा ठेवायचा, चिखल करायचा नाही.

उन्हाळ्यात पाच-सात दिवसांनी पाणी, पावसाळ्यात उघडीप पडली तर, थंडीत आठ-दहा दिवसांनी. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नको. आणि एक विचारते. तुमच्या घरी पाणी कोण आणतं? डोक्यावरून हंडे आणावे लागत असतील तर दीडशे सोडा, पन्नासच कंद लावा. फुलासाठी मान मोडून घ्यायची नाही.

महिन्यातून एकदा खुरपणी करा आणि खुरपताना बुंध्याला मातीची भर द्या. मावा, फुलकिडे, पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. अर्धा किलो निंबोळीची पूड कपड्यात बांधून रात्रभर लिटरभर पाण्यात ठेवायची, सकाळी पिळून गाळून एकूण दहा लिटर पाणी करायचं, आणि संध्याकाळी फवारायचं. एखादं झाड अचानक माना टाकत असेल, बुंध्याशी पांढरे तंतू आणि मोहरीसारखे बारीक दाणे दिसत असतील, तर ते झाड आजूबाजूच्या मातीसकट उचलून लांब टाका. खड्ड्यात टाकू नका, उकिरड्यावर तर अजिबात नको, नाहीतर तेच पुढच्या वर्षी खतातून परत वाफ्यात येतं.

तोडणी

लावल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे येतात. म्हणजे श्रावण, गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी, हा सगळा मागणीचा काळ आपल्याला सापडतो. थंडी वाढली की फूल कमी होतं.

दांड्यावरची फुलं खालून वर रोज दोन-तीन अशी उमलत जातात. सकाळी उन्हं चढायच्या आत, टपोरी झालेली कळी आणि नुकतं उमललेलं फूल तोडायचं. तोडलेली फुलं बांबूच्या पाटीत ओलसर सुती कापडावर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली की वाफ धरून काळी पडतात. दांडाच विकायचा असेल तर खालचं एखादं-दुसरं फूल उमललं की कापून लगेच पाण्याच्या बादलीत उभा ठेवायचा.

आता हिशोब

वह्या काढा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगा. दर मी उदाहरणापुरते धरतेय, तुमच्या बाजारात असतील ते तुम्ही घाला.

दीडशे कंद. एका कंदाला पहिल्या वर्षी एक दांडा धरू. एका दांड्याला तीस फुलं धरू. म्हणजे साडेचार हजार फुलं. एका फुलाचं वजन साधारण एक ग्रॅम, म्हणजे सगळ्या हंगामात साडेचार किलो. किलोला साठ रुपये मिळाले तर होतात २७० रुपये. आणि कंद तीन रुपयांना एक घेतला असेल तर दीडशेचे ४५० रुपये आपण आधीच घालून बसलो. कळलं? सुटी फुलं व्यापाऱ्याला दिली तर पहिल्या वर्षी कंदाचेही पैसे निघत नाहीत.

आता त्याच फुलांचे हार करा. शंभर फुलांचा एक हार, म्हणजे पंचेचाळीस हार. गावात वीस रुपयांना एक गेला तर ९०० रुपये. दोऱ्याचा खर्च किरकोळ. संध्याकाळी टीव्ही बघता बघता आपले हात चालतात, त्या हातांची मजुरी यात मिळाली.

दुसऱ्या वर्षी कंद घ्यायचा नाही. तोच कंद खाली वाढून गड्डा होतो. एका गड्ड्याला तीन दांडे धरले तर साडेतेरा किलो फूल. सुटं विकलं तर ८१० रुपये, हार केले तर १३५ हार, २,७०० रुपये. तिसऱ्या वर्षीही तोच वाफा. दरवर्षी हंगाम संपला की वाळलेले दांडे कापायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वच्छ करून शेणखत घालायचं, की खोडवा पुन्हा फुटतो. तीन वर्षांनी मात्र गर्दी होते, फूल बारीक येतं, तेव्हा कंद काढायचे. एका गड्ड्यातून लावणीजोगे पाच-सहा कंद निघाले तरी दीडशेचे साडेसातशे झाले. बारीक कंद वेगळेच.

आता कर्जाचं का नको म्हणते ते ऐका. एक गुंठा लावायचा तर सोळाशेहून जास्त कंद लागतात. तीन रुपयांनी पाच हजारांच्या घरात जातं. गटातून उचललेल्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात सुरू होतो. गुलछडीचा दांडा यायला तीन महिने लागतात. तेवढे तीन हप्ते कशातून भरणार? मजुरीतून, नाहीतर घरच्या किराण्यातून. आपली अंतर्गत कर्जाची शिस्त आपण इतक्या वर्षांत कष्टाने बसवली आहे, ती फुलासाठी मोडायला नको. आधी दीडशे कंदांवर हात बसू द्या, गिऱ्हाईक ठरू द्या, मग आपल्याच वाफ्यातल्या कंदांवर गुंठा वाढवा.

आणि एक सावधगिरी. "कंद आम्हीच देतो, फुलं आम्हीच घेतो, पैसे आधी भरा" असं सांगत कोणी दारात आलं तर त्याच्याकडे तीन गोष्टी मागा. ज्या बायकांची फुलं तो घेतो त्यांच्या गावाचं नाव, खरेदीची पक्की पावती, आणि दराचा लेखी कागद. यातलं काहीच नसेल तर चहा पाजा आणि रवाना करा. एकटीने सही करू नका, आधी गटात विषय मांडा.

विकायचं कसं

दीडशे झाडांची रोजची फुलं पाव किलोच्या आसपास असतात. तेवढ्यासाठी कोणी पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात किंवा दादरच्या फूलबाजारात जाणार नाही, एसटीचं भाडंही सुटायचं नाही. म्हणून पहिलं गिऱ्हाईक गावातच शोधा. देऊळ, किराणा दुकानात रोज फोटोला लागणारा हार, शाळा, ग्रामपंचायत, सप्ताह, लग्नघर. आणि आपण स्वतः! परवाच्या महिला दिनाला सत्काराचे हार-गुच्छ आपण तालुक्याहून विकत आणले. बाराही महिने कुठल्या ना कुठल्या ग्रामसंघाचा कार्यक्रम असतोच. तो पैसा आपल्यातच फिरायला काय हरकत आहे?

एका गावातल्या दहा जणींनी लावली तर रोज दोन-अडीच किलो फूल एकत्र होतं. तेवढं तालुक्याच्या फुलवाल्याला हवंच असतं. एकीने गोळा करायचं, एकीने वजन लिहायचं, आठवड्याने पाळी बदलायची. वजन सगळ्यांच्या समोर करायचं. भांडणं पैशावरून कमी आणि "माझं फूल कमी कसं भरलं" यावरून जास्त होतात, हे आपण दूध संकलनात बघितलंय.

पैसा कोणाचा, फूल कोणाचं

एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "सातबारा सासऱ्यांच्या नावावर, ऊस मालकांच्या नावावर, माझ्या नावावर फक्त गटाचं पासबुक." सगळ्या हसल्या, पण खरं तेच आहे. परसातला दहा फुटांचा वाफा खुरपायला आपण, पाणी घालायला आपण, पहाटे उठून तोडायला आपण. मग त्याचे दोनशे का होईना, आपल्या हातात यावेत आणि आपल्या बचतीत जावेत. हाराचे पैसे घेताना "त्यांच्याकडे द्या" म्हणू नका. हात पुढे करून घ्या आणि गटाच्या वहीत वेगळ्या ओळीत लिहा. वर्षाने ती ओळ घरी वाचून दाखवा.

दुसरी गोष्ट बोलायला मला जरा अवघड जातं, कारण वयाने मी तुमच्या लेकीएवढी आहे. तरी बोलते. आपल्या गटांत एकल महिला बऱ्याच आहेत. त्यातल्या एका काकू मला म्हणाल्या, "फुलं लावीन, हार करीन, पण माझ्या केसात काही ते जायचं नाही." मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर असतो, खाली उतरवायचा आपण. ज्या बाईने कंद लावला, पाणी घातलं, पहाटे तोडणी केली, तिने त्यातलं एक फूल माळलं तर कोणाचं काय बिघडतं? कोणावर जबरदस्ती नाही. पण हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात वेण्या वाटताना आपण हात आखडून पुढे जातो ना, तो आखडायचा नाही. घ्यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

कंद फिरते ठेवा

शेवटचा मुद्दा. काही ठिकाणी शेळीचं करतात तसं. एकीला शेळी दिली की पहिली पाट दुसरीला द्यायची. कंदाचं तर त्याहून सोपं आहे, कंद बाजारात हरवत नाही. ज्यांच्याकडे आज गुलछडी आहे, त्यांनी या महिन्यात कंद काढताना पन्नास-पन्नास कंद दोघींना द्यावेत. घेणारीने पैसे द्यायचे नाहीत. तीन वर्षांनी तिचे कंद निघतील तेव्हा तिने शंभर कंद पुढच्या दोघींना द्यायचे. कोणी कोणाला किती दिले ते ग्रामसंघाच्या वहीत लिहायचं. सगळ्यात आधी भूमिहीन आणि एकल ताईंना द्या. जागा नसेल तर जुन्या सिमेंटच्या गोण्यांत, फुटक्या घमेल्यांतही पाच-पाच कंद लागतात, फक्त खाली पाणी निघायला भोकं पाडा.

म्हणजे घरी गेल्यावर तीन कामं. उद्या दिवसभरात परसात ऊन कुठून कुठे फिरतं ते बघून दहा फूट जागेला चार खुंट्या मारा. या आठवड्याच्या बैठकीत कंद कोणाकडे आहेत आणि कोणाला हवेत याची यादी करा. आणि वहीत एक कोरं पान गुलछडीसाठी सोडा, पहिली ओळ कंद किती आणि कोणाकडून आणले याची. एप्रिलच्या सभेत प्रत्येक ग्रामसंघाने आपली यादी आणायची आहे. कृषी सखी वाफा करताना गावात येतील, तारीख अध्यक्ष ताई कळवतील.

कोणाला काही विचारायचं असेल तर मी इथेच मागे थांबते. एसटी चुकली तरी चालेल, प्रश्न चुकवू नका.